दप्तराच्या गाठी

घरातली जुनी पेटी आपल्याकडे बहुधा दोन प्रसंगी उघडली जाते. एक वाटणीच्या वेळी, आणि दुसरे घर पाडायच्या वेळी. वाटणीच्या वेळी उघडली तर आतले कागद निदान कोणीतरी वाचून पाहतो. कारण त्यांत शेताचा बांध असतो, विहिरीचा हिस्सा असतो. घर पाडताना उघडली, तर कागद रद्दीच्या पोत्यात जातात आणि पेटी तेवढी दिवाणखान्यात शोभेला येते. महाराष्ट्राच्या इतिहासाची कितीतरी साधने या दोन प्रसंगांच्या मधल्या अंधारात टिकून राहिली, आणि कितीतरी दुसऱ्या प्रसंगाला बळी पडली. वाचकहो, कागद आपोआप टिकत नाही. कोणाला तरी त्याची गरज असते म्हणून तो टिकतो. ही गरज कोणाची, कशाची, आणि ती संपली म्हणजे पुढे काय, याचा थोडा विचार येथे करू.

आता तुम्ही म्हणाल, राजधानीतली मोठमोठी दप्तरे शाबूत असताना खेड्यातल्या एखाद्या पेटीची एवढी मातब्बरी कशाला? याला उत्तर म्हणून एकच उदाहरण देतो. पुणे जिल्ह्यात भोर तालुक्यात कारी नावाचे गाव आहे. शिवछत्रपतींच्या आरंभीच्या काळातले त्यांचे निष्ठावंत सहकारी कान्होजी जेधे, ते या गावचे. जेधे हे वतनदार देशमुख. त्यांच्या घराण्यात जुन्या कागदांबरोबर एक शकावलीही जपून ठेवलेली होती. शकावली म्हणजे शकवार लिहिलेली घडामोडींची टिपणे. त्यांत वर्णन नाही, अलंकार नाही. अमुक शकात, अमुक तिथीला, अमुक गोष्ट घडली, एवढेच. ही शकावली शके १५४० पासून शके १६१९ पर्यंतची, म्हणजे जवळजवळ ऐंशी वर्षांची आहे. ती लोकमान्य टिळकांच्या हाती आली, आणि १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तात त्यांनी ती छापून काढली.

तोपर्यंत शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९ मध्ये, म्हणजे इ. स. १६२७ साली झाला, असे बखरींच्या आधाराने सर्वत्र मानले जात होते. जेधे शकावलीत निराळेच निघाले: शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. इंग्रजी तारखेने १९ फेब्रुवारी १६३०. म्हणजे जवळजवळ तीन वर्षांचा फरक! एका खेड्यातल्या घरात जपलेल्या चार बंद कागदांनी शाळेच्या पुस्तकातली तारीख हलवली.

अर्थात एका साक्षीदारावर भिस्त ठेवून निकाल द्यायचा नाही, हा इतिहासाचा नियम आहे. वाद माजला, आणि तो पुष्कळ वर्षे चालला. पण पुढे दुसरे साक्षीदारही येऊन उभे राहिले. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्याची प्रत दूर तंजावरला, तिथल्या भोसले राजांनी वाढवलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात होती. हे काव्य १९२७ साली प्रसिद्ध झाले. परमानंद महाराजांच्या समकालीन. त्याने दिलेली जन्मतिथी जेधे शकावलीशी जुळली. तिकडे जोधपूरला जुन्या कुंडल्यांचा एक संग्रह निघाला, त्यातली महाराजांची कुंडलीही याच तिथीची. आता ही तीन ठिकाणे डोळ्यांसमोर आणा: मावळातले खेडे, कावेरीच्या खोऱ्यातले राजवाड्याचे ग्रंथालय, आणि मारवाडातला ज्योतिषाचा संग्रह. या तिघांना एकमेकांची वार्ताही नव्हती. तिन्ही ठिकाणच्या कोणी ना कोणी कागद टाकून दिला नाही, आणि वेळ आली तेव्हा दाखवला, म्हणून तिथी ठरली. पुढे महाराष्ट्र शासनानेही तीच तारीख अधिकृत मानली.

पण जेध्यांच्या घरी हे कागद राहिले कसे? इतिहासाच्या प्रेमाने राहिले असे म्हणणे गोड आहे, पण ते पुरेसे नाही. खरे कारण वतन. देशमुखीचा, पाटीलकीचा, कुलकर्ण्याचा हक्क कागदावर उभा असे. भाऊबंद भांडत, शेजारचा वतनदार दावा सांगे, गोतसभा बसे. त्या वेळी ‘आमचे वडील तेव्हा हजर होते’ हे सिद्ध करायला सनदा, महजर, करीने, शकावल्या लागत. १८१८ साली पेशवाई बुडाली, तरी ही गरज संपली नाही, उलट वाढली. इंग्रज सरकारने इनामांची चौकशी सुरू केली, १८५२ साली तिला कायद्याचे बळ दिले, आणि घरोघर एकच प्रश्न गेला: तुमच्या इनामाला आधार काय, कागद दाखवा. ज्याला दाखवता आला नाही त्याचे इनाम धोक्यात आले. ही दहशत दोनतीन पिढ्यांना पुरली. देवघराच्या शेजारी दप्तराची पेटी असे, दसऱ्याला तिची पूजा होई, आणि पोरांना तिला हात लावायची बंदी असे.

मग स्वातंत्र्य आले. १९५० च्या कायद्याने परगणा आणि कुलकर्णी वतने रद्द झाली. १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटलांची वंशपरंपरा संपली. हे कायदे योग्यच होते, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्यांचा एक परिणाम कोणाच्या हिशेबात नव्हता: एका फटक्यात घरोघरचे कागद निरुपयोगी झाले. ज्या पेटीची काल पूजा होत होती ती आज अडगळ ठरली. त्यात १९४८ च्या जाळपोळीत पश्चिम महाराष्ट्रातले कितीतरी वाडे आधीच जळाले होते, आणि १९६१ साली पानशेतचे धरण फुटून पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. त्या घरांच्या फडताळांतून काय काय वाहून गेले, याची यादी कोण देणार? वाळवीचे नाव मी मुद्दाम शेवटी घेतो. आपण सगळा दोष तिच्यावर घालतो, पण माणसाने न उघडलेल्या पेटीतच ती निवांत जेवते.

ही वेळ येणार, हे फार आधी ज्यांनी ओळखले त्यांत दोन नावे घ्यावीच लागतात, आणि दोघांचे मार्ग अगदी वेगळे. एक विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. यांनी गावोगाव पायपीट केली, दारे ठोठावली, आणि जमवलेले कागद ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने छापायला आरंभ केला. पहिला खंड १८९८ सालचा, पानिपतापर्यंतच्या दहाअकरा वर्षांचा. पुढे बावीस खंड झाले. १९१० साली खंडेराव मेहेंदळे यांच्या साथीने त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढले. स्वभाव तापट, कोणाशी फार काळ जमायचे नाही. १९२६ साली धुळ्यास त्यांचे निधन झाले, आणि त्यांच्या मागे राहिलेल्या कागदांभोवती पुढच्याच वर्षी तेथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. खानदेशाला स्वतःचे दप्तर मिळाले ते असे.

दुसरे वासुदेवशास्त्री खरे, मिरजेच्या हायस्कुलात संस्कृतचे शिक्षक. हे फारसे कोठे हिंडले नाहीत. पटवर्धन सरदारांच्या दप्तरांना हात घालून ते बसले ते बसलेच. १८९७ पासून त्यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढला आणि १९२४ साली देह ठेवीपर्यंत त्याचे बारा भाग सिद्ध केले. शाळा सुटल्यावर घरी येऊन मोडी पत्रांच्या नकला करायच्या, त्या लावायच्या, आणि भागाच्या आरंभी त्या काळाची हकीकत सुसंगत लिहायची. कर्नाटकातल्या स्वाऱ्या, हैदर आणि टिपू यांच्याशी झालेल्या लढाया, छावणीतली महागाई, पगार थकल्याच्या तक्रारी, सगळे त्यांत आहे. राजवाड्यांचे तेज मोठे, यात वाद नाही; पण एखाद्या प्रदेशाचा इतिहास जपायचा तर मला खरेशास्त्र्यांचा मार्ग अधिक जवळचा वाटतो. एक दप्तर, एक गाव, एक माणूस, आणि सत्तावीस वर्षे.

राजवाड्यांच्याच आयुष्यातली एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. त्यांना ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली, आणि १९०९ साली त्यांनी ती संपादून छापली. छापील प्रत आज आपल्या हातात आहे; मूळ पोथी मात्र उपलब्ध नाही. त्यामुळे एखाद्या शब्दावर विद्वानांत मतभेद झाला, तर मुळात काय होते हे पाहायला जायला जागाच उरलेली नाही. छापले म्हणजे झाले, मूळ कागद गेला तरी चालेल, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

याच्या उलट टोकाचे उदाहरण पेशवे दप्तराचे. पेशवाई गेल्यावर तिचे सगळे कागद इंग्रजांच्या ताब्यात आले आणि पुण्यात एका ठिकाणी राहिले. तीस हजारांहून अधिक रुमाल! रुमाल म्हणजे चौकोनी फडके. त्यात कागदांची पुडकी ठेवून चार टोकांची गाठ मारायची. इंग्रजांनी हा ठेवा उत्तम जपला, पण जपला तो जमीनमहसूल आणि इनामे यांच्या निकालासाठी. अभ्यासकाला तेथे सहजी पाऊल ठेवता येत नसे. गणेश चिमणाजी वाड यांनी काढलेल्या रोजनिशींच्या उताऱ्यांवरून न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली दाखवून दिले, की यांत केवळ लढाया नाहीत; न्याय, कर, दारूबंदी, वेठ, टपाल, रयतेचे सगळे जिणे आहे. तरीही दार किलकिलेच राहिले. ते खऱ्या अर्थाने उघडले १९३० मध्ये. बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले, साठी उलटलेले गोविंद सखाराम सरदेसाई हाताखाली मदतनीस घेऊन दप्तरात बसले. सर जदुनाथ सरकार यांचे त्यांना पाठबळ होते. १९३४ पर्यंत निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग बाहेर पडले. घाईत काम झाले, निवडीत काही राहिले, काही कागदांच्या तारखा चुकल्या, अशी टीका पुढे झाली, आणि ती बरीचशी रास्त होती. पण टीका करता आली, याचाच अर्थ दार उघडले होते. त्याआधी शंभराहून अधिक वर्षे ते कागद सुखरूप होते आणि मुके होते.

तारखा कशा चुकतात, हे जरा सांगतो, कारण त्यावाचून या कामाचे मोल कळत नाही. पेशवाईतल्या पत्रावर आपल्यासारखे साल नसते. ‘सुहूर सन’ असतो, आणि तोही आकड्यांत नव्हे, अरबी शब्दांत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे एखाद्या पत्रावर दिसते. इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. झाले अकराशे एकसष्ट. हे साल मृगाच्या सुमारास बदलते. तेव्हा पत्र पावसाळ्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतचे असेल तर त्यात ५९९ मिळवायचे, आणि जानेवारीनंतरचे असेल तर ६००. म्हणजे १७६०-६१, पानिपताचे साल. गंमत अशी, की घाईत लिहिणारा कारकून पुष्कळदा सालच लिहीत नाही; नुसता मुसलमानी महिना आणि चंद्र, म्हणजे त्या महिन्याची तारीख, लिहून मोकळा होतो. मग साल ठरवायचे कसे? तर त्या रुमालात त्याच्या शेजारी कोणते कागद होते ते पाहून. शेजाऱ्यावरून माणसाचा पत्ता काढतात ना, तसेच. म्हणून रुमालातल्या कागदांचा क्रम मोडणे हा मोठा गुन्हा आहे. सुंदर दिसणारी चार पत्रे काढून काचेत लावली आणि बाकीची एकत्र कोंबली, की राहिलेल्यांचा शेजार तुटला.

कागदाचे जे, तेच वस्तूचे. वस्तूही गरज संपली की घराबाहेर पडते. घरोघर विजेचे दिवे आले तेव्हा समया, लामणदिवे आणि कंदील भंगाराच्या वाटेला लागले, आणि नेमक्या त्याच काळात पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर ते गोळा करत फिरत होते. अडकित्ते, वज्र्या, फण्या, दौती, कुलपे, दारांच्या चौकटी. राजांच्या तलवारी जमवणारे खूप. बायकांच्या हातातली रोजची वस्तू जमवणारे केळकर विरळा. अकाली गेलेल्या मुलाचे नाव त्यांनी संग्रहालयाला दिले, आणि १९७५ साली जवळजवळ वीस हजार वस्तूंचा तो संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला.

याहून माझ्या विशेष आवडीचे उदाहरण मराठवाड्यातले आहे. धाराशिव जिल्ह्यात तेर नावाचे गाव; वारकऱ्यांना ते गोरा कुंभारांचे गाव म्हणून ठाऊक. हेच प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी प्रवासवर्णनात या नगराचा उल्लेख आहे: पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर मोठे शहर, तेथून कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदराला जाते. तगर म्हणजेच तेर, हे फ्लीट या विद्वानाने १९०१ साली मांडले. पण विद्वानांनी नकाशावर बोट ठेवल्याने गावात संग्रहालय होत नाही. गावातले एक रहिवासी, रामलिंगप्पा लामतुरे, यांनी शेतात, ओढ्याकाठी, पांढरीत पावसानंतर उघड्या पडणाऱ्या वस्तू वर्षानुवर्षे वेचून ठेवल्या: मातीच्या मूर्ती, मणी, नाणी, शंखाच्या बांगड्या, हस्तिदंती काम. आज तेरच्या शासकीय संग्रहालयाला त्यांचे नाव आहे. त्यांच्या संग्रहाची खरी किंमत वस्तूंच्या सौंदर्यात नाही. त्या वस्तू तेरच्या आहेत, आणि तेरमध्ये आहेत, यात ती आहे. ज्या गावच्या कुंभाराची कीर्ती अवघ्या महाराष्ट्रात, त्या गावच्या मुलाने दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुंभाराची करामत आपल्याच गावात पाहावी, हा योग इतर कोठे जुळणार?

मी एका संग्रहालयात (नाव सांगत नाही) एका मूर्तीखाली चिठी वाचली: ‘मातीची मूर्ती. प्राचीन.’ कोठे सापडली? ठाऊक नाही. कोणी दिली? नोंदवही सापडत नाही. अशी मूर्ती म्हणजे वाट चुकलेले मूल. दिसायला गोजिरे, पण गाव सांगता येत नाही.

वस्तू कोठे असावी हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, हेही कबूल केले पाहिजे. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी जन्मभर जमवलेल्या कागदांचे, चित्रांचे संग्रहालय साताऱ्यास झाले होते. १९३९ साली तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. तेथे त्याची नीट व्यवस्था लागली, अभ्यासकांची सोय झाली. साताऱ्याच्या माणसाला मात्र आपल्या गावचा ठेवा पाहायला पुण्यास जावे लागले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पूर्वी यातून सुटका नव्हती. आता आहे, कारण कागदाचे स्वच्छ छायाचित्र घेऊन ते एका क्षणात कोठेही पाठवता येते. मूळ कागद सुरक्षित जागी आणि त्याची प्रतिमा गावच्या शाळेत, असे सहज होऊ शकते. मात्र प्रतिमा घेतली म्हणजे काम संपले, अशी जी एक समजूत हल्ली पसरते आहे, ती घातक आहे. मोडी न येणाऱ्याला रुमालातला कागद जितका मुका, तितकीच त्याची प्रतिमाही मुकी. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी व्यवहारात होती. पुढे छापील देवनागरीपुढे ती मागे पडली, आणि आजोबांची सही नातवाला वाचता येईना. शासनाचे पुराभिलेख खाते मोडीचे वर्ग चालवते, काही संस्थाही चालवतात. तेथे जाऊन दोनतीन महिने हात बसवला तर ओळख होते. दप्तर सरसकट वाचायला मात्र काही वर्षे लागतात. कोट्यवधी कागद आणि वाचणारे थोडे, असा हा व्यस्त हिशेब आहे.

माझ्या वर्गातल्या मुलांना मी दर वर्षी एक काम सांगतो: घरातला एक जुना कागद आणा. पहिल्या आठवड्यात सगळे सांगतात, आमच्याकडे काही नाही. मग हळूहळू येऊ लागते. कोणी लग्नाच्या देण्याघेण्याची यादी आणतो, कोणी गिरणीतल्या आजोबांचे पगारपत्रक. एका मुलीने किराणा दुकानाची रेशनिंगच्या दिवसांतली वही आणली. उधारीच्या पानावर अर्ध्या गावाची नावे होती. इतिहास म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीचाच, असे कोठे लिहिले आहे? सोसायटीची इतिवृत्ते, तालमीचा जमाखर्च, नाटक मंडळीची हँडबिले, शाळेचे हजेरीपट, हे उद्याचे दप्तर आहे. आणि त्याला वतनाचा आधार कधीच नव्हता, तेव्हा ते अधिक लवकर जाईल.

तुमच्या घरी असे काही असेल तर प्रथम एवढे करा. कागद उन्हात टाकू नका आणि फाटला असेल तर चिकटपट्टी लावू नका. तिचा डिंक कालांतराने पिवळा पडून शाईसकट कागद खातो. ज्या क्रमाने कागद निघाले त्या क्रमाने पेन्सिलीने वेगळ्या चिठीवर आकडे घाला, कागदावर नको. घरातले सर्वांत वृद्ध माणूस गाठून पेटी कोठून आली, कोणाची होती, हे त्याच्या तोंडून लिहून घ्या. हे काम उद्यावर टाकू नका. मग जवळच्या संशोधन मंडळाला किंवा पुराभिलेख कार्यालयाला पत्र लिहा. कागद देऊन टाकायचे नसतील तर नुसत्या प्रतिमा द्या, पण मागून घेतलेली पोच जपून ठेवा. आणि रुमाल पुन्हा बांधताना गाठ सैल मारा; आवळून बांधला की कागद घडीवर तुटतो, आणि घडीवरच बहुधा तारीख असते.